सकाळचा आकडा

४ फेब्रुवारी
आकडा ५. झोप सहा तास.

ही वही माझी मी आणली. डॉक्टरांना फक्त आकडा हवाय, बाकीची बडबड कुठेतरी ओतायला नको का?

अकरावा आठवडा. तीन वर्षं मी उदासीची गोळी घेत होते. मूल हवं असं ठरलं तेव्हा ती बंद करून बघायची, हा हट्ट माझा. डॉक्टर लगेच हो म्हणाल्या नाहीत. दोन भेटी घेतल्या, मग एकदम न तोडता महिनाभर कमी करत करत बंद केली. दीड वर्ष मी बरी होते म्हणून केली, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. वर म्हणाल्या, "गोळी बंद केलीय, उपचार बंद केलेला नाही. हे विसरलात तर माझ्याशी गाठ आहे."

उपचार म्हणजे एक लांबलचक यादी. ठरल्या वेळी उठा, उजेडात चाळीस मिनिटं चाला, वेळेवर खा, रोज एका माणसाशी खरं बोला. आणि सकाळी उठल्या उठल्या शून्य ते दहामधला एक आकडा सांगा, आज मन किती. सलग चार दिवस चारच्या खाली गेलं की त्याच दिवशी फोन करायचा आणि गोळीचा पुन्हा विचार करायचा. ही अट. अट मान्य असेल तरच बंद, नाहीतर नाही.

दवाखाना बसने दोन तासांवर, म्हणून दर सोमवारी आठवड्याचे आकडे फोनवर पाठवायचे. ते काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं. माझा फोन कारखान्यात कपाटात बंद असतो आणि हा पंपहाऊसमध्ये फोन घेऊनच बसलेला असतो. "तू फक्त सांग, पाठवायचं मी बघतो," म्हणाला. असा नवरा शोधून सापडायचा नाही. माझ्या मैत्रिणीचा नवरा तिला डोकं दुखतं म्हटलं तर आधी स्वतःचं दुखतं सांगतो.

९ फेब्रुवारी
आकडा ५. झोप साडेसहा.

रविवार. दोघं चालायला गेलो. मी भराभर, हा मागे पाय ओढत. म्हटलं, "गरोदर कोण आहे नक्की?" खूप हसला.

वाटेत त्याच्या कामाच्या गमती चालल्या होत्या. दर तासाला पाण्याच्या दाबाचा काटा बघून वहीत आकडा लिहायचा, हे त्याचं काम. नवीन पोऱ्याने म्हणे काटा खाली आलेला बघितला आणि प्रामाणिकपणे लिहून टाकला. झालं! साहेबाचे दहा फोन, सगळे धावाधाव, आणि तोवर काटा आपला जागेवर. "अरे, असं लिहायचं नसतं," नवरा सांगत होता. "मागचाच आकडा लिहायचा आणि वाट बघायची. काटा आपोआप ताळ्यावर येतो." बारा वर्षांत एकदाही अंदाज चुकला नाही म्हणतो. अनुभव म्हणतात तो हाच.

१७ फेब्रुवारी
आकडा ४. झोप पाच.

आईचा फोन. तिला आकड्यांचं वेड पटतच नाही. "आमच्या वेळी कुणी विचारलं होतं का मन किती? पोट किती तेवढं विचारायचे." मग आवाज बारीक करून, "पण त्या गोळ्यांच्या वाटेला पुन्हा जाऊ नकोस हं. तुझ्या वेळी मीही सोसलंच ना."

काय सोसलंस, विचारलं. तर म्हणाली, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. मी दीड वर्षाची होईपर्यंत मावशीकडे वाढले. का, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आईचं दूध नेमकं याच प्रश्नाला उतू जातं.

२६ फेब्रुवारी
आकडा ३. झोप साडेचार.

आज तिसरा तीन. चालले चाळीस मिनिटं. जेवले वेळेवर. खिडकीत बसले. यादीतलं सगळं केलं आणि तरी छातीवर पाटा ठेवल्यासारखं. सकाळी नवऱ्याने विचारलं, "आज किती?" मी तीन म्हटलं तर म्हणाला, "नीट विचार करून सांग. काल संध्याकाळी हसलीस की." मी विचार केला. तीनच.

३ मार्च
आकडा ३.

सलग आठ दिवस. पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हटलं होतं, अट मोडली, फोन कर. त्याने केला म्हणे पंपहाऊसमधून. डॉक्टर म्हणाल्या, या दिवसांत एवढं चालायचंच, काळजी नको, चालणं वाढवा.

एवढंच? तोंडावर केवढा दरारा, "माझ्याशी गाठ आहे" आणि काय काय. आणि वेळ आली तेव्हा चालणं वाढवा! मग अट कशाला घातली होती, शोभेला?

५ मार्च
आकडा ३. झोप चार.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या फोनवरून मीच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर पेशंट बघत होत्या. फोनवरच्या मुलीने माझा तक्ता उघडला आणि म्हणाली, "अहो ताई, तुमचं तर छान चाललंय! मॅडम परवाच म्हणाल्या, या बाईंनी कमाल केली." मी म्हटलं, तीनला छान म्हणतात का तुमच्याकडे? तेवढ्यात भोंगा झाला. ती हॅलो हॅलो करत राहिली, मी ठेवून दिला.

म्हणजे तीन म्हणजे काहीच नाही. बाकीच्या बायका एकावर, शून्यावर घर चालवत असतील आणि मी तीनवर गळे काढतेय. कळलं. आता कुणाला काही म्हणायची नाही.

१२ मार्च
आकडा ३. झोप साडेतीन.

आज इज्जत गेली. माझं काम तपासणीचं. शिवून आलेला शाळेचा शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, काजं, बाह्या, खिसा बघायचा, चूक असेल तिथे लाल चिकटपट्टी लावायची. सहा वर्षांत माझ्या टेबलावरून एक उसवलेला टाका पुढे गेलेला नाही. आज बेचाळीस शर्ट गेले, खिसा उजवीकडे असलेले. कुठल्या तरी कारागिराने खुणेचा कागद उलटा ठेवला होता, आंधळ्यालाही दिसेल असं. मी बेचाळीसच्या बेचाळीस हातांनी पसरले, घडी घातली, आणि मला एकही दिसला नाही.

पकडलं कात्रीने. ही आमची देखरेखीची बाई. दोरे कापत फिरते आणि जिभेनेही तेच करते, म्हणून सगळ्या तिला पाठीमागे कात्री म्हणतात. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर सालटी काढणार. पण ती गठ्ठा उचलून स्वतःच्या यंत्राकडे घेऊन गेली. सुट्टी झाल्यावरही बसून खिसे उसवत होती. पुरावा गोळा करतेय. कच्च्या गुरूची चेली नाही ती.

१३ मार्च
२.

१८ मार्च
आकडा २. झोप तीन.

आज डॉक्टरांची भेट ठरलेली होती. नवरा म्हणाला, त्यांनीच तीन आठवडे पुढे ढकलली. तब्येत चांगली असताना बसचे हादरे कशाला, असं त्यांचं मत.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. एक माणूस होता ज्याच्यापाशी मला खोटं हसावं लागत नव्हतं, त्यानेही दार लावून घेतलं. मी इतके दिवस इमानदारीत दोन दोन, तीन तीन सांगतेय, ते काय माझ्या हौसेसाठी? बाहेर आले तर नवऱ्याने मऊ भात टाकला होता. पोटावर हात ठेवून म्हणाला, "आम्ही दोघं आहोत ना तुला." निदान हा तरी आहे.

१९ मार्च
आकडा २.

कात्रीने माझं टेबल हलवून स्वतःच्या समोर लावून घेतलं. "तिकडे उजेड कमी आहे," म्हणे. उजेड डोंबल! डोळ्यांसमोर ठेवायचंय मला. दुपारी टपकलीच, "डबा का उघडला नाहीस?" मी म्हटलं, भूक नाही. "काल पण नव्हती. परवा पण नव्हती." मोजतेय बया. मग स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या झाकणात टाकली आणि मी ती संपवेपर्यंत समोर उभी राहिली. तुरुंगात तरी बरं असेल.

२४ मार्च
आकडा १.

लिहायला नको असं वाटतंय, पण इथे नाही तर कुठे. आज जिन्यावरून खाली बघताना मनात आलं, आपण नसलो तर सगळ्यांचं किती सुटसुटीत होईल. भीतीसुद्धा वाटली नाही, याचीच मग भीती वाटली. कात्री खालून वर येत होती. माझ्याकडे बघितलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "आत ये आधी." हात धरून खुर्चीत बसवलं. विचारलं, "डॉक्टरला शेवटचं कधी भेटलीस?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे.

"तुला म्हणाले?"

"नवऱ्याला."

तिने हातातली कात्री टेबलावर ठेवली. "उद्या सकाळी सातला बसथांब्यावर. मी येतेय. आणि आज तू माझ्याकडे झोपायचंस. तुझ्या नवऱ्याला मी सांगते, माझी कंबर धरलीय म्हणून."

२५ मार्च

आकडा नाही लिहीत. सगळं आजच लिहून ठेवायचंय. उद्या हे खरं वाटणार नाही.

डॉक्टरांनी हसत स्वागत केलं. "या! प्रवास सोसत नाही म्हणून भेट पुढे ढकललीत ना? आता बरं आहे?" मी म्हटलं, मी ढकलली? तुम्ही ढकललीत. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तक्ता माझ्याकडे वळवला. सहा, सहा, पाच, सात. झोप सात तास. सहा, सहा, सहा. खाली त्यांच्या अक्षरात, 'उत्तम. औषधाशिवाय स्थिर.'

मी कितीतरी वेळ त्या सातकडे बघत होते. सात! ती एकोणीस तारीख होती. त्या दिवशी कात्रीने मला पोळी भरवली होती.

पिशवीतून ही वही काढली आणि तक्त्याशेजारी ठेवली. डॉक्टरांनी बोट ठेवून ओळ ओळ लावून बघितली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी एकदा तरी तुमच्याशी थेट बोलायला हवं होतं. आकडे चांगले होते म्हणून बोलले नाही. ही माझी चूक." इतके दिवस मी यांना शिव्या घालत होते. यांच्यापर्यंत माझा आवाज पोचलाच नव्हता.

जिन्याचंही सांगितलं. त्यांनी खूप प्रश्न विचारले, घाई न करता. मग दोन्ही बाजू सांगितल्या. गोळी पुन्हा सुरू केली तर बाळाच्या दृष्टीने काय लक्षात ठेवायचं, नाही केली तर माझ्या आणि बाळाच्या दृष्टीने काय. "आज माझं मत सुरू करावी असं आहे. पण तुमच्याऐवजी मी ठरवणार नाही. तुमच्याऐवजी खूप जणांनी ठरवून झालंय."

मी म्हटलं, सुरू करा.

कात्री बाहेर बाकावर बसली होती. मी सगळं सांगितलं. परतीच्या बसमधून उतरताना म्हणाली, "केसाने गळा कापला गं तुझा."

२६ मार्च

नवऱ्याला वाटलं नव्हतं मला कळेल. कळल्यावर आधी नाही म्हणाला, मग दवाखान्याची चूक म्हणाला. मग बसला.

"तू तीन म्हणायचीस, पण चहा करायचीस, कामाला जायचीस. तीनवाली माणसं कामाला जातात का? मला तर तू सहा दिसायचीस."

"मला कसं वाटतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त दिसतं?"

"अगं, काटा एकदा पडला म्हणून लगेच लिहायचं नसतं. लिहिलं की त्या गोळी देणार. मी म्हटलं, थोडं थांबू, येईल वर आपोआप. बाळाला काही झालं असतं तर?"

"मी काय पाण्याची टाकी आहे का रे?"

तो रडायला लागला. खरं रडला, ते मला कळतं. आणि मला त्याची दयाही आली, हे लिहिताना स्वतःचाच संताप येतोय. त्याने माझं वाईट चिंतलं नाही. भात टाकला, पाय चेपले, रोज सकाळी न चुकता विचारलं. विचारायचा, ऐकायचा, आणि दुसरंच लिहायचा. वाईट चिंतणाऱ्याला शिव्या घालता येतात, याला काय घालू?

पाचव्या दिवशी डॉक्टरांना केलेला फोन? केलाच नव्हता. "चालणं वाढवा" कुणी म्हटलं? त्याने. मी रडत रडत चालणं वाढवलं होतं.

मग म्हणाला, "मी एकट्याने नाही ठरवलं. तुझ्या आईला विचारलं होतं."

आईला फोन लावला. तिने पहिल्या घंटेलाच उचलला, म्हणजे त्याने आधी कळवलं असणार. "मीच म्हटलं जावईबापूंना, काही करा पण तिला गोळ्यांवर जाऊ देऊ नका," आई म्हणाली. "तुझ्या वेळी मला दिल्या होत्या. त्यानंतर तू माझ्याकडे राहिलीच नाहीस. सगळे म्हणाले, गोळ्यांनी झालं."

"गोळ्यांनी झालं, की गोळ्या उशिरा मिळाल्या म्हणून झालं?"

"मला काय ठाऊक," म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही." या वेळी दूध उतू गेलं नाही. पण तिने एवढं सगळं माझ्याबद्दल ठरवलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तरी बोंब कुणाच्या नावाने मारायची?

२ एप्रिल
आकडा २. झोप पाच.

गोळीचा आठवा दिवस. जादू नाही, डॉक्टरांनी सांगितलंच होतं की वेळ लागतो. त्या रोज स्वतः फोन करतात, दुपारी एकला, आणि त्या वेळी माझा फोन माझ्यापाशी असतो. कात्रीने कपाटाचा नियम माझ्यापुरता मोडलाय. कुणी विचारलं तर म्हणते, "तुला पण हवाय? मग आधी तिच्याएवढे शर्ट तपासून दाखव." बेचाळीस शर्टांची गोष्ट तिने वर कुणालाच सांगितली नाही, हे मला आज कळलं. आणि मी काय काय लिहिलंय तिच्याबद्दल या वहीत!

दवाखान्यातून नवीन फॉर्म आलाय. 'गरज पडल्यास कुणाला कळवायचं' या रकान्यात आधी नवरा होता, त्याखाली आई. मी दोन्ही खोडली आणि पेन हातात धरून बसले. बत्तीस वर्षांत जमवलेली माणसं दोन, तीही खोडून झाली. शेवटी कात्रीला विचारलं, "बाई, तुमचा नंबर लिहू का?"

"लिही की. विचारतेस काय, परवानगी मागितल्यासारखं." मग जाता जाता, "अवेळी फोन केलास तर शिव्या खाशील. पण उचलीन."

गोळी न घेता निभावेन, हा माझा हट्ट होता. खरे आकडे पोचले असते तर फेब्रुवारीतच पुन्हा सुरू झाली असती, किंवा डॉक्टरांनी आणखी काही सुचवलं असतं आणि कदाचित मी निभावलंही असतं. आता ते कधीच कळणार नाही. चोरीला गेलंय ते हे. बाकी भांडून मिळेल, हे नाही मिळणार.

९ एप्रिल
आकडा ४. झोप सहा.

विसावा आठवडा.

नवरा फार जपून वागतोय. सकाळी विचारत नाही, आकडा मीच पाठवते. घरात मांजरासारखा वावरतो. काल म्हणाला, "तू म्हणशील ते करीन, पण एकदा माफ केलं म्हण." मी म्हटलं, म्हणेन, पण ते खरं नसेल. चालेल तुला?

आज दुपारी साडेतीनच्या सुमारास, टेबलावर एक शर्ट पसरलेला असताना, पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं वारा धरला. मग पुन्हा. आतून कुणीतरी हळूच टिचकी मारावी तसं. मी कॉलर तशीच धरून उभी राहिले आणि डोळे भरून आले. किती दिवसांनी ते दुःखाने नव्हते भरले. समोरून कात्रीने बघितलं. काय झालं, तिने भुवईनेच विचारलं. मी पोटावर हात ठेवला. ती उठली, आली आणि शर्ट माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "बस जरा. हा मी बघते." तिचेही डोळे ओले होते. कुणाला सांगितलं तर जीव घेईल माझा.

संध्याकाळी घरी आले. त्याने दार उघडलं, पिशवी घेतली, पाणी दिलं. डॉक्टरांनी विसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ हलेल असं सांगितल्यापासून तो दिवस मोजतोय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केलीय त्याने. समोर बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"काही हललं का गं?" त्याने विचारलं.

त्याच क्षणी पुन्हा हललं. चांगलं जोरात.

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही. अजून काही नाही."

त्याने विश्वास ठेवला.